दाऱ्या घाटाचा जुना मजकूर अखेर गेला: ८२ विरुद्ध ९१

मंडळी, माझ्या घाटवाटांच्या साइटवरच्या दाऱ्या घाटाच्या पानाचा नवा मजकूर गूगलच्या निकालात दिसायला लागला. काल रात्री दिसला, आज सकाळी बायकोच्या फोनवरही दिसला, आणि सर्च कन्सोलमध्ये (साइटची पानं गूगलला कशी दिसतात ते साइटवाल्याला दाखवणारं गूगलचं अवजार) हिरवी टिकली आहे. म्हणजे आता खरं मानायला हरकत नाही.

मागच्या नोंदीत याच पानावरून माझं रडगाणं गाऊन झालं होतं, त्यामुळे पूर्वपीठिका थोडक्यात. नाणेघाट, आहुपे, साधले, भीमाशंकरचा शिडी घाट, सगळी पानं सुतासारखी सरळ. अडला तो एकटा दाऱ्या घाट. आंबोलीहून (जुन्नरची आंबोली, सावंतवाडीकडची नव्हे) खाली पळूला उतरणारा, ढाकोबाच्या शेजारचा. आमच्या जुन्नरकर मित्राने त्या पानाचा मजकूर पार नव्याने लिहून दिला होता: पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, पावसाळ्यात कुठला टप्पा टाळायचा, खालच्या गावातून परतीची सोय काय. पान चढवलं, साइटमॅप (गूगलसाठी ठेवलेली पानांच्या पत्त्यांची यादी) ताजा केला, पान पुन्हा नोंदवून घ्या अशी इंडेक्सिंगची विनंती गूगलला टाकली. गूगलवर मात्र जुनाच मजकूर. बरं, जुन्यात पाण्याची माहिती चुकीची, म्हणजे नुसता दिखाव्याचा प्रश्न नव्हता. उन्हाळ्यात कोणी त्या भरवशावर एकच बाटली घेऊन निघालं असतं.

डोकं फिरवणारी गोष्ट अशी, की साइटच्या मुख्य पानावरून गेलं की नवा मजकूर उघडायचा आणि गूगलवरून आलं की जुना. वर पत्त्याच्या पट्टीत दोन्हीकडे तेच: दाऱ्या-घाट. अक्षर न् अक्षर तेच.

साहजिकच सगळ्यांनी कॅशवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीवर बोट ठेवलं, मीही. ब्राउझरची कॅश साफ केली, सीडीएनची (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरांची) केली, इनकॉग्निटोमध्ये पाहिलं, शेजाऱ्यांच्या वायफायवर पाहिलं. जुनं ते जुनंच. सर्च कन्सोल सांगत होतं ते तर आणखी अगाध: ‘डुप्लिकेट, गूगल चोज डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूजर’. मी एक पत्ता मुख्य म्हणून दिलाय, पण गूगलने दुसराच निवडलाय. दुसरा कुठला? दोन्ही पत्ते तिथून उचलले. देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांची (%E0%A4 असली) लांबच लांब माळ होते हे आपल्याला ठाऊकच आहे, ती डोळ्यांनी वाचायच्या भानगडीत कोण पडतो! माळेचं परत देवनागरी करणाऱ्या डीकोडरमध्ये टाकले. दोन्हींचं उत्तर: दाऱ्या-घाट. दाऱ्या-घाट.

इथे मी एक दिवस लॅपटॉप मिटून ठेवला होता.

सुटका झाली ती अगदी फालतू गोष्टीमुळे. दोन्ही माळा टेक्स्ट एडिटरमध्ये एकाखाली एक चिकटवल्या, तर खालची जरा पुढे गेलेली. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लांबी मोजली. वरची ८२, खालची ९१.

देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकाची अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं आणि टक्केवाल्या लेखनात एका बाइटला ३ अक्षरं लागतात, म्हणजे चिन्हामागे ९. ‘दाऱ्या-घाट’ची चिन्हं मोजा: द, काना, ऱ, हलन्त, य, काना, घ, काना, ट. नऊ नव्वे ८१ आणि मधली आडवी रेघ १, झाले ८२. दुसऱ्या पत्त्यात ९ जास्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह जास्त.

चोर होता ‘ऱ्या’. हे जोडाक्षर लिहायचे एकाहून जास्त मार्ग आहेत. पहिला, युनिकोडमधला (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतला) स्वतंत्र ऱ (यू+०९३१) आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डात या ऱ ला स्वतःची कळ आहे, जुना मजकूर मी तिथेच टाइप केला होता. दुसरा, साधा र, हलन्त आणि मागे शून्य रुंदीचं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे (यू+२००डी). मित्राच्या फोनने हा दुसरा मार्ग धरला. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द, दोन वेगळे पत्ते.

माझी स्क्रिप्ट शीर्षकावरून फोल्डर बनवते. मित्राने शीर्षकासकट लेख पाठवला, म्हणून नवं फोल्डर झालं. आणि सर्व्हरवर फायली चढवणारं माझं अवजार नवीन फायली टाकतं, पण जुन्या काढत नाही. त्यामुळे ८२वालं जुनं पान तिथे निवांत बसून राहिलं. त्यात स्वतःकडेच बोट दाखवणारा कॅनॉनिकल टॅग, म्हणजे ‘मुख्य पत्ता हाच’ असं गूगलला सांगणारी खूण. वर ट्रेकवाल्यांनी इतकी वर्षं जागोजागी त्याचीच लिंक दिलेली. नव्या ९१वाल्याच्या बाजूने होता त्याचा स्वतःचा टॅग आणि साइटमॅप. गूगलचं स्वतःचंच म्हणणं आहे की मुख्य पत्ता ठरवताना रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर नेणं) आणि कॅनॉनिकल टॅग हे भक्कम इशारे, साइटमॅप हा कमकुवत इशारा. टॅग दोन्हीकडे, लिंका जुन्याकडे. मग निकाल कुणाच्या बाजूने लागणार?

एकदा नाडी सापडल्यावर बाकीचे रुग्ण धडाधड ओळखू आले. ‘कऱ्हाड-चिपळूण’ तसंच अडकलेलं, ‘पायऱ्यांची वाट’ तसंच. त्याच कऱ्हाडच्या रस्त्यावरचं ‘कुंभार्ली घाट’ मात्र ठणठणीत, कारण तिथे साधा रफार आहे. इतके दिवस मी या पानांमध्ये मजकुराची लांबी, फोटोंचं वजन, लिंका यांत साम्य शोधत होतो. साम्य शीर्षकातच होतं.

इलाज दोन टप्प्यांचा. पत्ता बनवण्याआधी शीर्षकाचं एनएफसी नॉर्मलायझेशन (फोडून लिहिलेली अक्षरं युनिकोडच्या ठरलेल्या जोडलेल्या रूपात आणणं), ही पायथनची एक ओळ. पण ती पुरत नाही. एनएफसीने झेडडब्ल्यूजेवालं रूप जराही बदलत नाही, ९१ चे ९१च राहतात. म्हणून दुसरी ओळ: ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ दिसलं की ‘ऱ, हलन्त’ करायचं. त्यानंतर पत्त्यात उरलेली सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायची, कारण ‘प्रश्न’ आणि ‘विश्व’मध्येही पुष्कळ ठिकाणी झेडडब्ल्यूजे खुपसलेलं सापडतं. क्रम उलटा करू नका. आधी अदृश्य चिन्हं काढलीत तर ‘दाऱ्या’चा ‘दार्या’ होऊन बसेल.

मग नवा मजकूर ८२च्या पत्त्यावर नेला, ९१वरून ३०१ म्हणजे कायमचा रीडायरेक्ट लावला, साइटमॅपमध्ये लास्टमॉड (पान शेवटचं कधी बदललं तो रकाना) खरी तारीख घालून बदलला. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक्वेन्सी हे दोन्ही रकाने या निमित्ताने उडवले. गूगल ते बघतच नाही, उगाच फाइल जाड. हीच दुरुस्ती साइटवरच्या शोधखान्यालाही लावली. ‘पायऱ्या’ शोधल्यावर निम्मेच लेख का येतात, हा आपल्यातल्याच एकाचा जुना प्रश्न होता, त्याचं उत्तर आपोआप मिळालं.

आणि हो, साइटवरचे काही फोटो दिसत नव्हते, त्या गायब फोटोंचं कोडंही सुटलं! ते याच घराण्यातलं निघालं. दुसऱ्या एका मित्राने फोटोंची झिप जुन्या मॅकवरून पाठवली होती. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून साठवते: ऱ चा र होतो आणि खाली नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, वेगळा. म्हणजे तिसरं रूप. मोजलं तर याचीही लांबी ९१, त्यामुळे मी पुन्हा तासभर झेडडब्ल्यूजे शोधत बसलो होतो. सर्व्हर लिनक्सचा, तो बाइट जुळवून पाहतो. पानात लिहिलेलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळेना, म्हणून फोटो ४०४, म्हणजे ‘सापडत नाही’. हे रूप मात्र एनएफसी एका फटक्यात सरळ करतं. ढाकोबावरून टिपलेला कड्याचा फोटो परत जागेवर बसलेला पाहून जो आनंद झाला, तो हिरव्या टिकलीनेही झाला नव्हता.

फाँटचा एक इशारा देऊन ठेवतो. मुक्ता फाँट मी छाटून, म्हणजे न लागणारी अक्षरं काढून वापरतो, वजन बरंच उतरतं. छाटताना २००सी (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य चिन्ह) आणि २००डी (तेच झेडडब्ल्यूजे) ही चिन्हं ठेवा. ती उडाली तर ज्या मजकुरात झेडडब्ल्यूजेवाला ऱ्य आहे, तिथे अक्षर मोडायची शक्यता असते, आणि मग वाचणारा तुमच्या शुद्धलेखनाला नावं ठेवतो.

आता अवजारांबद्दल. स्क्रीमिंग फ्रॉग या साइट तपासणाऱ्या क्रॉलरची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, आपल्यासारख्यांना भरपूर झाली. पण तिचीही मर्यादा पाहा: क्रॉलर लिंकांवरून चालतो. ज्या जुन्या पानाला साइटवरून एकही लिंक उरली नाही, ते त्याला दिसणार कसं? सर्व्हरवरच्या फोल्डरांची यादी वेगळी काढून जुळवावी लागते. बिंगचं वेबमास्टर टूल्स सर्च कन्सोलमधून साइट थेट आयात करून घेतं, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका. लेखाला गुण देऊन हिरवे दिवे दाखवणाऱ्या प्लगइनांचा नाद मी सोडला तो सोडलाच. मराठी वाक्य ‘फार लांब’ आहे म्हणून लाल दिवा दाखवणाऱ्याला घाटवाटेचं वर्णन काय कळणार. आणि ‘पहिल्या पानावर हमखास आणतो’ म्हणणाऱ्या मेल अजून येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. एकाला मी ८२ आणि ९१चं कोडं घातलं. उत्तरादाखल दरपत्रक आलं.

प्रश्नोत्तरांचं स्कीमा (गूगलच्या निकालातच प्रश्नोत्तरं दिसावीत म्हणून पानात घालायची खूण) काढून टाकलं. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलने तो पसारा नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटांपुरता मर्यादित केला, आपण कशाला सांभाळायचं.

पुढचा बेत. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्सच्या तक्त्यात (लोक काय शोधून येतात ते दाखवणाऱ्या) आता दाऱ्या घाटाच्या शोधांची ओळ वाढायला लागली आहे आणि त्यात एक गोष्ट ठसठशीत दिसते: बहुतेक लोक रोमन लिपीत टाइप करतात. देवनागरीत करतात त्यातले निम्मे ‘दार्या’ लिहितात. म्हणून मी ठरवलं होतं की सगळ्या साइटचे पत्ते रोमनमध्ये न्यायचे आणि ही अदृश्य चिन्हांची कटकट कायमची मिटवायची. व्हॉट्सॲपवर लिंकही सुटसुटीत दिसेल, आत्ता ती अर्धा पडदा खाते.

हे लिहितानाच मात्र मन बदलतंय. सगळे पत्ते बदलायचे म्हणजे प्रत्येक पानाला रीडायरेक्ट, ते गूगलच्या सल्ल्यानुसार निदान १ वर्ष ठेवायचे, आणि सगळीकडच्या जुन्या लिंकांची फरफट. आत्ताच कुठे धड चाललंय. शिवाय वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा, असं गूगलचंच मार्गदर्शन सांगतं, त्यामुळे देवनागरी पत्त्यात मुळात खोट नाही. खोट होती ती एकाच शब्दाच्या तीन रूपांत, आणि तिचा बंदोबस्त झालाय.

त्यापेक्षा असं केलं तर? पत्ता देवनागरीच ठेवायचा. प्रत्येक पानाला एक छोटासा रोमन पत्ता द्यायचा, नुसतं घाटाचं नाव, आणि तो ३०१ने मूळ पानावर न्यायचा. व्हॉट्सॲपवर तोच टाकायचा, छापील नकाशावरही तोच. पानाच्या मजकुरात शीर्षकाखाली ‘इतर लेखन’ अशी एक ओळ: रोमन स्पेलिंग, ‘दार्या’, आणि गावकरी जे म्हणतात ते नाव. त्या ओळीचा उपयोग माणसांनाही आहे, कारण एकेका नाळेला (कड्यातल्या अरुंद घळीच्या वाटेला) वरच्या गावात एक नाव आणि खालच्या गावात दुसरं. मेटा कीवर्ड्समध्ये (पानाच्या कोडमध्ये लपलेल्या शब्दांच्या यादीत) हे कोंबण्यात अर्थ नाही, तो टॅग क्रमवारीसाठी धरत नसल्याचं गूगलने २००९ सालीच सांगितलंय. ओळ पानावर दिसली पाहिजे.

ठरलं मग, रोमन पत्त्यांचं स्थलांतर रद्द. या रविवारी छोट्या पत्त्यांची यादी करायला बसतो. बोराट्याची नाळ आणि सिंगापूर नाळ यांच्या स्थानिक नावांची माहिती ज्यांच्याकडे असेल त्यांनी पाठवा, खालच्या गावात चालणारी नावं विशेष हवीत.

कऱ्हाड-चिपळूणचं पान अजून लटकलेलंच आहे, तिथे १०९ आणि ११८ अशी जोडी आहे. रीडायरेक्ट लागलाय, गूगल फिरकलेलं नाही. तुमच्या साइटवर दऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यावरच्या वाटा असल्या काही पानांची शीर्षकं असतील तर माळेची लांबी मोजून बघा आणि आकडे इथे टाका. जुना मॅक वापरणारा कोणी असेल तर त्याने ऱ असलेल्या नावाची एक रिकामी फाइल झिप करून मला पाठवावी, स्क्रिप्टची चाचणी त्यावर करायची आहे.