जुना ट्रेलर, नवा फर्नेस आणि गादीखालची ओल

आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, १९७१ सालचा, १६ फुटी. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूड, मधे जेमतेम दीड इंच ग्लासवूल. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटात राहून असली वस्तू घेतली म्हटल्यावर भेटेल तो विचारतो, थंडीत कुडकुडत नाही का? नाही कुडकुडत. एवढ्याशा जागेत ऊब पटकन होते. त्या उबेसोबत तयार होणारा वायू आणि पाणी बाहेर घालवणं, यातच आमची पहिली थंडी गेली.

पहिली अडचण सिलिंडरचीच. ट्रेलरबरोबर आलेले दोन्ही सिलिंडर प्रोपेन (इथला जळणाचा गॅस) भरणाऱ्याने नुसते बघून परत दिले. जास्त भरला जाऊ नये म्हणून खास व्हॉल्व्ह असतो, तो नसेल तर २००२पासून इथे हे छोटे सिलिंडर भरून देत नाहीत. ओळखायची खूण म्हणजे वरची चावी तिकोनी हवी. २० पौंडी, म्हणजे ९ किलोचे दोन नवे घेतले. पुण्याहून भावाने विचारलं, "आपल्या घरातला गॅस तिकडे चालला नसता का गं?" नसता चालला. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन बरंच असतं आणि शून्य अंशाच्या खाली त्याची वाफच होईनाशी होते. प्रोपेनची उणे ४२पर्यंत होते.

मग फर्नेस, म्हणजे गॅसवर चालणारा खोलीचा हीटर. जुना होता तो पंख्याशिवायचा, पायलटच्या, म्हणजे सतत तेवत राहणाऱ्या छोट्या ज्योतीवर चालणारा. बॅटरीला हात न लावता रात्रभर तापायचा, म्हणून माझा त्याच्यावर भारी जीव. टेक्निशियन आजोबांनी आधी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, बाहेरच्या धुराच्या नळीतून गांधीलमाशांचं मातीचं घर खरवडून काढलं आणि मग आत टॉर्च मारून बराच वेळ बघत बसले. गॅस जळताना निघणारा वायू आणि खोलीतली हवा यांना वेगळं ठेवणाऱ्या लोखंडी पेटीला केसाएवढी चीर होती. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट आमच्या उशाशी. त्याला ना वास, ना रंग. "वेल्डिंग करून चालेल का?" असं नवऱ्याने विचारून पाहिलं. आजोबांनी उत्तर न देता गॅसचा कॉक बंद केला.

नवा फर्नेस १६,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), १२ व्होल्टच्या पंख्याचा. जळायला लागणारी हवा तो बाहेरूनच घेतो आणि बाहेरच सोडतो. पण पंखा ३ अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि गारठ्यात बॅटरी आधीच अशक्त झालेली असते. डुलुथ शहराच्या पुढे, लेक सुपिरियरच्या काठी पहाटे पंखा मंदावला आणि फर्नेस पेटायचाच बंद झाला. पंख्याची हवा पुरेशी नसेल तर आतला एक स्विच गॅस उघडूच देत नाही. दुसरी बॅटरी जोडली तेव्हा कुठे तो रात्रभर चालला. अलार्मही दोन लावले: कार्बन मोनॉक्साइडचा पलंगाजवळ आणि गॅस गळतीचा जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साठतं.

एवढं होऊनही सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळायचं आणि गादी खालून ओली. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. फर्नेसचं ते बाहेर जातं, शेगडीचं आतच राहतं. त्यात दोघांचे श्वास. म्हणून शेगडीवर खोली तापवायची नाही हा नियम केला (कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच), गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्या आणि छतावरची झडप बोटभर उघडी ठेवायला लागलो. व्हिडिओ कॉलवर आईने ती पाहिली. "हीटर लावायचा आणि वर उघडं ठेवायचं? पैसे जास्त झालेत का?" पत्र्यामागचा लाकडी सांगाडा कुजला तर केवढ्याला पडेल हे सांगितल्यावर गप्प बसली.

बर्फ पडायला लागल्यावर ट्रेलर बंद करायचा. टाकी आणि गीझर रिकामे केले, गीझर बायपास केला, म्हणजे नळ्यांतलं त्यात जाणार नाही असं केलं, आणि पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) नळ्यांमधून फिरवलं. गाडीच्या रेडिएटरमधलं नेहमीचं हिरवं विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या नळीत घालायचं नाही. गार-गरम दोन्ही नळ, शॉवर, फ्लश, सगळीकडून गुलाबी येईपर्यंत सोडायचं, आणि मोरीच्या वाकड्या पाइपांतही कपभर ओतायचं. आमच्या नळ्या अजून मूळच्या तांब्याच्या आहेत. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि तांबं उभं चिरतं. कुठे चिरलंय ते मग एप्रिलमध्ये पंप सुरू केल्यावरच कळतं.