गाडी आमची, आठवण त्यांची

रविवार, डिसेंबर २०२५, रात्री साडेअकरा

भाट्याच्या किनाऱ्यावरून, जुन्या गाडीवाल्यांच्या भेटीहून आलो, गाडी पत्र्याखाली लावली, बॅटरीची वायर काढली, ताडपत्री घातली, जेवलो. तरी डोक्यातून जात नाहीये. हिने विचारलंसुद्धा, "कुणी काही बोललं का?" म्हटलं, ऊन लागलं. डिसेंबरात ऊन लागलं म्हणणाऱ्या नवऱ्याकडे बघावं तसं बघून ती झोपायला गेली.

कुणी काही बोललं नाही. उलट सगळे गोडच बोलले. तीच तर पंचाईत आहे.

सुरूच्या बनाजवळ गाड्या ओळीने लावल्या होत्या. वाळूत उतरवायची नाही हे दरवेळी ठरलेलं असतं आणि दरवेळी एखादा उतरवतोच. खारं पाणी नुसतं खाली उडालं तरी दोन पावसाळ्यांत दरवाज्याखालचा पत्रा चाळणी होतो, हे इथे पोराटोरांना कळतं. हौशी लोकांना कळत नाही. देवरुखची डुक्कर फियाट आली होती, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. चिपळूणची हेराल्ड होती. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे वाकतं, त्यामुळे गर्दी कायम तिच्यापाशी. आमच्या पद्मिनीचं (तीही फियाटच) बॉनेट उघडलं की फक्त मिस्त्री येतो.

मग चहा झाला आणि नेहमीचं सुरू झालं. एकेकाने गाडीची आठवण सांगायची. हेराल्डवाल्यांनी २२ जुलै २०२१ चा पूर सांगितला. गाडी छपरापर्यंत पाण्यात, आणि सीटच्या स्प्रिंगांमधून दिवाळीपर्यंत निघणारा चिखल. लांज्याच्या काकांकडे आता गाडीच नाही, ते नुसते येतात. जन्मभर मुंबईत काळीपिवळी पद्मिनी चालवली. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा इथे गावी बसून टीव्हीवर बघितलं म्हणाले. त्यापुढे काही बोललेच नाहीत. चहाचा कप हातात धरून माझ्या गाडीच्या पुढच्या दरवाज्याची तिकोनी काच उघडझाप करत राहिले. त्यांना करू दिलं. एरवी मी करू देत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी आंबा घाट सांगितला. चढावर उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, अप्पा, म्हणजे माझे वडील, खाली उतरतात, माझ्या गळ्यातला टॉवेल ओला करून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर गुंडाळतात, आम्ही कठड्यावर बसून पोळी-चटणी खातो, अर्ध्या तासाने गाडी चालू. लोक हसले. हसणारच, कारण प्रत्येकाकडे हीच गोष्ट आहे, फक्त घाट वेगळा. कुणाचा कुंभार्ली, कुणाचा फोंडा. टॉवेलच्या ऐवजी बायकोचा जुना परकर. आणि शेवटी सगळ्यांचं एकच पालुपद, काय गाड्या होत्या हो तेव्हा!

काय होत्या? १०८९ सीसीचं इंजिन, त्यात सहा माणसं, दोन पोती आणि वर कॅरिअरला पलंगाची फळकुटं. ब्रेक मारायचा म्हणजे आधी मनाची तयारी करायची. पावसात वायपर चालतोय की नमस्कार करतोय कळायचं नाही. पण हे तिथे बोलायचं नसतं. मीही बोललो नाही. आंबा घाट सांगून मोकळा झालो.

आणि मग ती आली.

चाळिशीची असेल. फिरायला आलेली, नवरा आणि मुलगी पाण्याकडे गेलेली. गाडीच्या मागे उभी राहून तिने नंबर वाचला. नंबर तोच आहे, पाटी नवी. अप्पांनी पेंटरकडून काढून घेतलेली काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी कपाटात ठेवलीय. सरकारी नवी पाटी त्या गाडीवर अशी दिसते की बघवत नाही. तर नंबर वाचला, मला विचारलं, "दादा, ही अप्पांचीच ना?" मी हो म्हणेपर्यंत तिने मागचा दरवाजा उघडलासुद्धा. बसली नाही. सीटवर हात फिरवला. म्हणाली, "मी इथे जन्मले."

सगळे गप्प. मग एकदम कल्ला. कुणी फोटो काढतंय, कुणी तिला मागच्या सीटवर बसवतंय. हेराल्डपाशी कुणी उरलं नाही. पहाटेची वेळ, रत्नागिरीला सिव्हिलला नेत होते, हातखंब्याच्या अलीकडेच मोकळी झाली आई. अप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि आपण लांब जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, सुईणीने हाक मारेपर्यंत. हे तिने असं सांगितलं जसं काही स्वतः बघितलंय. तिच्या घरी दर वाढदिवसाला सांगतात म्हणे. आमच्या घरी कधी सांगितलं नाही. म्हणजे बाळंतीण नेली हे माहीत होतं. अप्पा आठवड्याला कुणाला ना कुणाला नेतच असत. पण रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलेले अप्पा मला माहीत नव्हते.

एवढंच झालं. यात लागण्यासारखं काय आहे?

मला वाटतं, मला राग आला. गाडी आमची. तिच्यासाठी वर्षानुवर्षं पैसे ओततोय मी. फ्लोअरचा पत्रा बदलला, वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनाचा पाण्याचा पंप, केली, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं तर जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, गाडीतल्या पंपाचा रबरी पडदा, डायफ्रॅम, जातो, तो शोधायला कोल्हापूरला माणूस पाठवा. वीस वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी ऑगस्टमध्ये ५,००० वरून १०,००० झाली. हे सगळं माझं. आणि त्या गाडीतली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र एका अनोळखी बाईची. माझ्या वाट्याला ओला टॉवेल.

बरं, ती तारीख. तिने वाढदिवस सांगितला, फेब्रुवारीतला, आणि वर्ष सांगितलं, १९८६. तेव्हा मला लख्ख आठवलं.

चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा. केंद्र लांजा. अप्पांनी महिनाभर आधीपासून सांगितलेलं, परीक्षेला गाडीने जायचं. वर्गात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आदल्या रात्री चड्डी-शर्ट उशीखाली घडी घालून इस्त्री केली होती. सकाळी उठलो तर अंगणात गाडी नाही. चाकांच्या जागी नुसतं तेलाचं डबकं. आई म्हणाली, "अप्पा रत्नागिरीला गेले, तू एसटीने जा." एसटी आलीच नाही. तेव्हाही यायची नाही.

माझ्याकडे त्या दिवसाचं हेच आहे. तेलाचं डबकं.

आता हे लिहिताना आठवतंय की गाडीत बसल्याच्या माझ्या आठवणी फारशा नाहीतच. मी गाडीच्या मागेच जास्त. अप्पांनी ती दादरच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. लोक सांगत होते, मारुती येतेय, डिसेंबर ८३ मध्ये पहिली गाडी दिलीसुद्धा, थांबा. अप्पा थांबले नाहीत. गाडी आली ती बॅटरीचं दुखणं घेऊनच आली. रोज सकाळी मी आणि धाकटा ढकलायला. दोन्ही हात डिकीवर, नाक पत्र्याला लागलेलं, आणि मागच्या काचेतून दिसणारी अप्पांची मान. पांढरी कॉलर, तिच्या वर दोन सुरकुत्या. गाडी फुरफुरली की मान जराशी मागे जायची. धूर आमच्या तोंडावर. आणि थांबायचे नाहीत ते! थांबले की परत बंद पडेल म्हणून तशीच हळूहळू चालवत ठेवायची, आम्ही पळत जाऊन दरवाजा उघडून उडी मारायची. धाकटा एकदा राहूनच गेला. फाट्यावर पोचल्यावर लक्षात आलं.

धाकट्याला नंतर ती विकायची होती. असो, ते सगळ्यांना माहीत आहे.

आई म्हणायची, गाडी गावाची, पेट्रोल आपलं. अप्पांना नाही म्हणताच यायचं नाही. वरात, विंचू चावलेला, मुंबईहून गणपतीला येणारे, सगळ्यांना गाडी. पैसे कुणी द्यायचं नाही आणि अप्पा घ्यायचे नाहीत. फणस यायचे, कुळीथ यायचे, सुकट यायची. सुकटीमुळे डिकीला असा वास होता की अजूनही उन्हात तापली की येतो. मिस्त्री म्हणतो तुमचा भास आहे. नाही, येतो.

आणि अप्पांना शेवटी नेलं ते अँब्युलन्समधून. गाडी दारातच होती. जाऊ दे.

एका पोराने तिथे नियमही समजावून सांगितले. गाडी १९७६ ची, म्हणजे पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण. मग २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, २०,००० भरायचे, दहा वर्षं बघायला नको, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबरही राहतो. फक्त रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. मला एकदम पटलं होतं. घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हीपण ७६ चेच ना?" हिला काही सांगण्यात अर्थ नाही.

पण मनात आलं, व्हिंटेज झाली तर तिच्यात कुणी जन्माला यायचं नाही. नियमात बसणार नाही. आताही कोण येणार आहे म्हणा, एकशे आठला फोन केला की गाडी येते. आणि माझ्या ताडपत्रीखालून ती निघते कधी? महिन्यातला एखादा रविवार, भाट्यापर्यंत, तेही भरती-ओहोटी बघून. अप्पांनी ती चाळीस जणांना वापरू दिली आणि मी शेजारच्यांना दारातून तिच्यावर कपडे वाळत घालू देत नाही. (दोन वेळा घातले होते. बॉनेट गरम असतं म्हणून.)

हे सगळं लिहून झालं, तरी खरं लिहायचं राहिलंच.

तिने मध्येच आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी गावीच असते. पडद्यावर आधी नुसतं कपाळ आणि कौलं. मग गाडी दाखवली तर म्हणाली, "शीट बदलली काय?" बदलली, दोनदा. मग फोन माझ्याकडे दिला. मी तोंड भरून नमस्कार केला. ती बराच वेळ बघत होती. "अप्पांचा थोरला तू? केस गेले रे तुझे, बाबू." आजूबाजूला हशा. आणि मग अचानक, "तुझी परीक्षा होती ना रे त्या दिवशी?"

मला काही सुचलं नाही.

तिला कळा येत होत्या. आमच्या अंगणातून तिला गाडीत घातलं तेव्हा कुणीतरी म्हणालं असणार, पोराची परीक्षा आहे, गाडी जाते आहे. अप्पा स्वतः म्हणाले असतील का? आणि तिने ते ऐकलं, तशा अवस्थेत, आणि ठेवलं. "माझ्यापायी बुडली रे तुझी परीक्षा, मी ह्यांना म्हटलेलं, अप्पांच्या पोराचं वर्ष गेलं," म्हणाली. चाळीस वर्षं तिच्या डोक्यात माझी परीक्षा बुडलेली आहे!

ती बुडली नव्हती. एसटी आली नाही म्हणून फाट्यावर उभा होतो, चिऱ्यांचा ट्रक थांबला. ड्रायव्हरने मला उचलून पुढे घेतलं, इंजिनवरच्या गादीवर. बुडाला गरम लागत होतं. त्याने मला हॉर्नची दोरी ओढू दिली, प्रत्येक वळणावर, लांज्यापर्यंत. एवढ्या उंचावरून मी रस्ता कधी बघितला नव्हता. शाळेच्या दारात चिऱ्यांचा ट्रक थांबला आणि त्यातून मी उतरलो, तेव्हा सगळी पोरं बघत राहिली. फियाटकडे कुणी बघितलं नसतं. घंटा व्हायला अजून वेळ होता.

घरी आल्यावर मात्र तोंड फुगवून बसलो. ट्रकचं काही बोललो नाही. अप्पांनी विचारलं, कसा गेला पेपर, म्हटलं बरा. त्यांनी खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या, त्या घेतल्या आणि रुसवा तसाच ठेवला. बरेच दिवस पुरवला तो. धाकट्याला दोन गोळ्या जास्त मिळाल्या, ते अजून आठवतंय.

म्हातारीला म्हटलं, "काकी, पोचलो होतो की वेळेवर. ट्रकने." तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, रेंज गेली. वाऱ्याचा आवाजही होता. मग मुलीने फोन नंबर घेतला, माझा फोटो काढला, सीटचा काढला, नवरा-मुलगी आली, गेले सगळे.

लांज्याचे काका निघताना म्हणाले, "तुझ्या गाडीत जे झालं ते माझ्या टॅक्सीत कधी झालं नाही. एकदा भांडण झालं होतं, हळदीच्या नवऱ्याचं." आणि तिकोनी काच नीट बंद करून गेले.

मगाशी साडेनऊला तिचा मेसेज आला. सीटचा फोटो, आणि खाली: दादा, आई विचारतेय, पास झालेलात ना?

स्कॉलरशिप मिळाली नव्हती. गणितात गेली. त्यात गाडीचा, ट्रकचा, तिच्या आईचा कुणाचाच काही संबंध नाही. पण हे लिहिलं तर म्हातारी परत तेच धरून बसणार, माझ्यापायीच म्हणून. हो लिहावं तर ती गावभर सांगेल, आणि आमच्या वर्गातले दोघं अजून तिथेच आहेत, एकाला मिळाली होती.

मेसेज उघडून दोन तास झाले. निळ्या टिका तर तिला दिसल्याच असतील.