पागोळ्यांची पट्टी

नळ टाकण्यासाठी सदाशिव पेठेतली आमची गल्ली गेले पंधरा दिवस खणलेली आहे आणि त्याबद्दल चडफडण्याचे कर्तव्य मी शेजाऱ्यांबरोबर नेमाने पार पाडतो. परंतु परवा दुपारी चरावरच्या फळीवरून जपून जाताना, डांबराच्या तीन-चार थरांखाली घडीव काळ्या दगडांची एक ओळ दिसली आणि मी तिथेच थबकलो. टाकीचे तिरपे घाव अजून स्पष्ट होते. ओळ रस्त्याच्या बाजूने न जाता तिरकी जाऊन समोरच्या इमारतीच्या पार्किंगखाली शिरत होती. म्हणजे एके काळी इथे रस्ता नसावाच, कोणाचे तरी जोते असावे.

खाली बघत चालण्याची ही खोड मला वाईच्या आजोळी लागली. तिथल्या वाड्याच्या चौकात फरसबंदीच्या सांध्यांनी आमच्या ठिकऱ्यांची घरे आयती आखून दिली होती आणि चौकाच्या चारही कडांना, पागोळ्या पडून पडून गुळगुळीत झालेली दगडाची पट्टी ही खेळाची सीमा होती. पुढे वाडा पाडला. तुळया, खांब, कौले ज्याची त्याने नेल्यावर मी पाहायला गेलो, तर उघड्या फरशीवर सगळे घर जागच्या जागी होते. पागोळ्यांच्या पट्टीवरून पाखे कुठवर येत होते ते कळत होते. जमिनीत गाडलेले उखळ होते तिथे स्वयंपाकघर, दगडात कोरलेला पाट संपत होता तिथे मोरी, आणि ज्या पायरीचा मध्य झिजून बशीसारखा झाला होता, तिच्यावर उभी राहून मामी ‘पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही’ असे ओरडत असे.

शनिवारवाड्याचे तरी दुसरे काय आहे? १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याचे लाकडी इमले १८२८ च्या आगीत जळाले आणि आतली हकिगत आता जोती, पायऱ्या आणि हजारी कारंज्याच्या दगडी पाकळ्या यांनाच विचारावी लागते. तटबुरूज काही सांगत नाहीत. त्यांचा थाट बाहेरच्यांसाठी.

मुंबईत काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत ट्रामचे रूळ आणि सोबतचे काळे चिरे वर आले होते. १८७४ मध्ये घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ मध्ये विजेवर आलेली ही ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. रुळांच्या मधे चिरे बसवण्यात शहाणपण असे: सांध्यांत घोड्याच्या नालेला पकड मिळते आणि रूळ दुरुस्त करायचा झाल्यास तेवढेच दगड उचलून पुन्हा बसवता येतात. आमच्या गल्लीतल्या डांबराबद्दल असे काही म्हणवत नाही.

काल चर बुजवला. ते दगड काढले का, असे मी मुकादमाला विचारले. ते हललेच नाहीत, म्हणून नळ त्या ठिकाणी वळवून न्यावा लागला, असे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले.