आधी तार, मग कॅमेरा : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात दुरुस्तीतून झाली. घराबाहेर नवे कॅमेरे बसवून देणारे पुष्कळ होते; परंतु बसवलेला कॅमेरा दोन-चार पावसांनंतर बंद पडला की पुन्हा शिडी घेऊन त्या घरी जायला कोणी फारसे राजी नसे, आणि ती नावडती कामे आमच्याकडे येत. आम्ही दोघे भागीदार होतो. एक शिडी, एक मल्टिमीटर आणि केबलच्या टोकाला जॅक, म्हणजे जोडणीची खुंटी, दाबून बसवायचे हत्यार एवढेच आमचे भांडवल होते.

त्या काळी बहुतेक घरांत अ‍ॅनालॉग कॅमेरे असत. चित्रासाठी कोअ‍ॅक्सिअल केबल आणि विजेसाठी १२ व्होल्टची वेगळी तार, अशी त्यांची रचना होती. तक्रार जवळजवळ ठरलेली असे : दिवसा उत्तम चालतो, रात्री चालू-बंद होत राहतो. आम्ही एका घरी अशा तक्रारीवर दोनदा कॅमेरा बदलला आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच रात्री फोन आला. तिसऱ्या वेळी मात्र शिडीवर कॅमेऱ्याच्या टोकाशी मीटर लावून अंधार पडण्याची वाट पाहत थांबलो. दुपारी तिथे ११ व्होल्ट होते; अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्यात असलेले इन्फ्रारेड दिवे लागताच काटा ९.७ वर आला आणि कॅमेरा विझला. दिवे विझल्यावर व्होल्टेज पुन्हा चढले, कॅमेरा सुरू झाला, दिवे लागले आणि तो परत विझला. दोष चाळीसएक मीटर ओढलेल्या बारीक तारेचा होता, आणि आम्ही दोन धडधाकट कॅमेरे उगाच उतरवले होते. तेव्हापासून आम्ही कॅमेऱ्याकडे तारेच्या टोकाला लावलेली वस्तू म्हणून पाहू लागलो.

पुढे एकाच नेटवर्क केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही नेणारी पीओई पद्धत आम्ही स्वीकारली. तिचे मूळ मानक २००३ सालचे आहे. त्यानुसार नेटवर्क स्विचच्या (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या पेटीच्या) प्रत्येक पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते आणि केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. येथे व्होल्टेज ४८च्या आसपास असते. तेवढीच वीज चौपट व्होल्टेजने पाठवली की करंट चौथाईवर येतो आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर उतरते; त्यामुळे रात्री विझणाऱ्या कॅमेऱ्यांची ती तक्रार आमच्या वहीतून जवळजवळ नाहीशी झाली. वायफाय कॅमेरे घ्यावेत का, असे ग्राहक हमखास विचारतात. त्यांनाही विजेची तार लागतेच. आणि बॅटरीवर चालणारा कॅमेरा बहुधा हालचाल झाल्यावरच जागा होत असल्याने नेमके पहिले काही क्षण हुकू शकतात.

केबलच्या बाबतीत आम्ही एकदा चांगलेच फसलो. एका पुरवठादाराने स्वस्तात दिलेली बंडले उचलताना हाताला हलकी लागली, तरी आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. काही महिन्यांनी ती केबल ज्या घरी टाकली होती तिथल्या जॅकमधून एकेक तार तुटून येऊ लागली. चाकूने तार खरवडली तेव्हा वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आत पांढुरके अ‍ॅल्युमिनियम दिसले. अशा तारेचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो आणि वाकवली की ती लवकर तुटते. संपूर्ण घराची केबल आम्ही स्वखर्चाने पुन्हा ओढली. आता बंडल आले की आधी तार खरवडून पाहतो, मगच बिलावर सही करतो. बाहेरच्या भागासाठी उन्हात न तडकणारे पॉलिथिलीनचे काळे आवरण असलेली केबल घेतो, कारण घरातल्या वापराच्या साध्या पीव्हीसी केबलचे कवच उन्हाने ठिसूळ होते.

मात्र सर्वांत जास्त कॅमेरे मारतो तो कॅमेऱ्यामागे लोंबणारा जोड. कॅमेऱ्यावर आयपी ६७ ही धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी लिहिलेली असते, म्हणजे तो १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो; पण ही हमी कॅमेऱ्याच्या पेटीची असते, उघड्यावर सोडलेल्या जॅकची नाही. त्यात ओल शिरली की वाहत्या विजेमुळे पिना कुजतात. असा जॅक उघडला की आत हिरवट भुकटी दिसते, आणि ती पाहिली की पुढे काही तपासावे लागत नाही. म्हणून जोड आम्ही जंक्शन बॉक्समध्येच बंद करतो, भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडतो आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल देतो, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. आमच्या धंद्यात हा एकच झोल चालतो.

कॅमेरा निवडण्याची वेळ यानंतर येते. ‘किती मेगापिक्सेल?’ या प्रश्नावर आमचा उलट प्रश्न असतो : चेहरा नेमका कुठे ओळखायचा आहे? अनोळखी माणसाचा चेहरा पटण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात, असा आंतरराष्ट्रीय मानकातला दंडक आहे. ४ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे २,५६० पिक्सेल असतात, म्हणजे जेमतेम १० मीटर रुंदी मिळते, आणि २.८ मिलिमीटर नाभीय अंतराचे, रुंद दृश्य टिपणारे भिंग असेल तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून चारेक मीटरवरच संपते. बारा मीटरवरच्या फाटकाशी कोणी आले एवढे तो सांगेल, कोण आले ते नाही. तिथे अरुंद दृश्य टिपणारे ६ मिलिमीटरचे भिंग हवे किंवा कॅमेराच फाटकाजवळ न्यायला हवा. उंचीचेही तसेच आहे : अडीच-तीन मीटरच्या वर गेलो की फक्त टोप्या दिसतात.

घुमटाकार काचेचा कॅमेरा आम्ही बाहेर शक्यतो देत नाही, कारण काचेवर धूळ किंवा दव साचले की इन्फ्रारेड प्रकाश आतल्या आत परततो आणि चित्र धुरकटते. कोळ्यांवर मात्र आमच्याकडे उपाय नाही. दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात आणि जाळ्याचा एक धागा रात्री सगळे चित्र पांढरे करतो. लांब दांड्याचा ब्रश ग्राहकाकडे देऊन आम्ही मोकळे होतो.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) चोवीस तास चित्रण केल्यास एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क अकराएक दिवस पुरते. पासवर्ड आम्ही ग्राहकाकडूनच टाकून घेतो आणि त्या वेळी पाठ फिरवतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, तेव्हापासून याबाबत आम्ही सवलत देत नाही.

हल्ली दर सांगण्यापूर्वी आम्ही त्या घरी एक फेरी दिवसा आणि एक अंधार पडल्यावर मारतो. नुकत्याच एका घरी आठ कॅमेरे मागितले होते. दोन फेऱ्यांनंतर पाच ठरले, त्यातल्या एकाच्या चौकटीत येणारी शेजारच्यांची खिडकी चित्रापुरती झाकून टाकली. उरलेल्या तीन कॅमेऱ्यांच्या जागी सध्या फक्त पाइप टाकून ठेवले आहेत, आत नायलॉनची दोरी सोडून, तोंडाला बूच लावून.