घाईतला मारिओ

निन्टेन्डोचा तो छोटा करडा डबा, म्हणजे लहानपणीच्या व्हिडिओ गेमची नवी छोटी आवृत्ती, एनईएस क्लासिक मिनी, अमेरिकेतल्या कुणा भावाबहिणीच्या बॅगेतून घरी येतो. एचडीएमआयची वायर टीव्हीत जाते आणि चाळिशीला टेकलेला माणूस खेळायचा रिमोट हातात घेऊन जमिनीवर मांडी ठोकतो. मारिओ सुरू होतो. तेच ढग, त्याच विटा, तोच प्रश्नचिन्हाचा पिवळा ठोकळा. आणि पहिल्याच खड्ड्यात मारिओ आत. माणूस म्हणतो, हात गेला आता आपला. तसा तो थोडा गेलेलाही असतो, नाही असं नाही. पण खरी गोष्ट वेगळीच असते. समोरचा मारिओ घाईत असतो.

हा भास नव्हे, चांगला मोजता येतो. मूळचं यंत्र जपानचं, फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ ला बाजारात आलेलं. अमेरिकेत त्याचंच नाव एनईएस. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे. आपल्याकडे पॅल पद्धत, म्हणजे सेकंदाला ५०. या यंत्राला टीव्हीखेरीज दुसरं घड्याळच नाही. एक चित्र काढून झालं की चित्राची चिप प्रोग्रॅमला खूण करते, मग प्रोग्रॅम मारिओला एक पाऊल पुढे सरकवतो, संगीताची मात्रा एकाने पुढे नेतो आणि पुढच्या खुणेची वाट बघत बसतो. खुणा ६० च्या ५० झाल्या की सगळा खेळ सहाला पाच या हिशेबाने मंदावतो. निन्टेन्डोने युरोपातल्या पॅल टीव्हींसाठी मारिओचा वेग पुन्हा बसवून दिला होता. मीडिया, लिटल मास्टर वगैरे नावांनी आपल्याकडे जे डबे मिळत, ते या यंत्राच्या नकला होत्या. त्यात चिप ५० ची आणि कॅसेटमधला खेळ ६० चा, जसाच्या तसा. वेग कोण बसवत बसणार?

मारिओच्या कोपऱ्यातला आकडा घ्या, ४०० पासून उतरणारा. तो एकाने कमी व्हायला २४ चित्रं लागतात. जपानी मुलाचे ४०० संपायला १६० सेकंद लागायचे. ५० च्या डब्यावर तेच १९२. बत्तीस सेकंद जास्त! लेव्हल काही त्यामुळे सोपी होत नाही, कारण मारिओही तेवढाच सावकाश धावतो. पण खेळणाऱ्याचा डोळा आणि अंगठा थोडेच मंदावतात? उडी कधी मारायची ते ठरवायला दर वेळी पाचव्या हिश्श्याने जास्त अवधी मिळायचा. गल्लीत स्वतःला उस्ताद समजणाऱ्यांनी हे शक्यतो वाचू नये.

संगीताचं तर याहून गमतीचं. सूर निघतो तो मुख्य चिपच्या ठोक्यांवरून. मूळ यंत्रात ते सेकंदाला १७.९ लाख आणि नकलेत १७.७ लाख. फरक एक टक्का, कानाला कळतही नाही. लय मात्र चित्रांवर चालते. त्यामुळे आपल्याकडे मारिओची धून त्याच पट्टीत, पण उतरलेल्या लयीत वाजली. ठाय लयीत कानात बसलेली चीज एकदम द्रुतात ऐकू आली की सगळं बरोबर असूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, तसं हे.

२०१८ च्या डिसेंबरात सोनीच्या जुन्या यंत्राची अशीच छोटी आवृत्ती, प्लेस्टेशन क्लासिक, आली तेव्हा याच ५० च्या आकड्यावरून परदेशात मोठी ओरड झाली. वीस खेळांपैकी नऊ खेळ ५० वाल्या युरोपीय आवृत्तीतले निघाले, आणि लोक म्हणाले, आमचं बालपण असं रेंगाळत नव्हतं. बरोबरच आहे त्यांचं. आपलं रेंगाळत होतं.

एनईएस क्लासिक मिनी नोव्हेंबर २०१६ चा. अमेरिकेत तेव्हा किंमत ५९.९९ डॉलर होती, आत ३० खेळ. दिसायला जुना असला तरी पोटात चार गाभ्यांचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि लिनक्स, म्हणजे स्वस्तातला अँड्रॉइड टॅबच म्हणा. मूळ यंत्राची रॅम २ केबी होती. सव्वा लाखाहून जास्त पट मोठं हे यंत्र सगळी ताकद लावून त्या २ केबीची नक्कल करतं. आणि मारिओ आख्खा ४० केबीचा. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा फुलांचा एक फोटो त्याहून जड असतो. इतक्या जागेत बसवायचं म्हणून ढग आणि झुडूप एकाच आकाराचे केले, रंग फक्त बदलले. एकदा हे कळलं की आकाशात झुडपंच दिसायला लागतात.

मिनीत खोट काढायचीच तर रिमोटच्या वायरीत काढावी. ती जेमतेम पाऊण मीटर. पुढच्या वर्षीच्या सुपर एनईएस मिनीत ती दीड मीटरच्या आसपास केली, यातच काय ते आलं. खेळ बदलायचा किंवा अर्ध्यावर साठवायचा तर डब्यावरचं रिसेट दाबावं लागतं, म्हणजे उठा. प्रत्येक खेळाला साठवायच्या चार जागा आहेत, ही सोय मोठीच. पूर्वी कॉन्ट्राच्या शेवटच्या लेव्हलला आईने जेवायला हाक मारली की टीव्ही बंद करून डबा तसाच चालू ठेवायचा, एवढीच साठवण होती. चित्राचे तीन पर्याय मिळतात. त्यातला ‘पिक्सेल परफेक्ट’ नावाला भुलून घेऊ नये. त्यात प्रत्येक ठिपका अगदी चौरस होतो आणि मारिओ बारीक दिसतो. त्या काळचे ठिपके टीव्हीवर आडवे ताणले जायचे. ४:३ ठेवा, मारिओचं पोट परत येतं.

पण खेळांची यादी वाचली की कळतं, हे स्मरणरंजन दुसऱ्याच कुणाचं आहे. अमेरिकी मिनीत झेल्डा आहे, मेट्रॉइड आहे, अमेरिकन फुटबॉलही आहे. कॉन्ट्रा नाही. त्याचा पुढचा भाग तेवढा आहे. आपण ज्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो ती बॅटल सिटी नाही. ३५ लेव्हल, दरेकीत शत्रूचे २० रणगाडे, खाली मधोमध विटांच्या चौकटीतला गरुड, आणि दुसऱ्या खेळाडूने चुकून तो गरुडच उडवला की खेळ सोडून थेट मारामारी. रोड फायटर नाही, बॉम्बरमॅन नाही, सर्कस नाही. आणि ‘डक हंट’मधली, बंदुकीने टिपायची बदकं तर नाहीतच.

बदकं नसण्याला कारण आहे. बंदुकीतून पडद्याकडे काहीच जात नव्हतं. उलट बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक बारका पुर्जा होता. घोडा दाबला की खेळ एका चित्रापुरता सगळा पडदा काळा करी. त्यावेळी बंदुकीला प्रकाश दिसला तर नेम बाद, म्हणजे बल्बकडे रोखून कुणी फसवू नये. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन. दोन बदकं असली तर दोन चित्रं, एकेकाचा चौकोन वेगळा. कोणत्या चित्राला प्रकाश दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरे. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात चाललेला हा प्रश्नोत्तरांचा खेळ काचेच्या नळीच्या टीव्हीवरच जमतो, कारण तिथे सिग्नल येतो त्याच क्षणी किरण पडद्यावर उमटतो. आताचा एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, घासूनपुसून स्वच्छ करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीने विचारलेल्या प्रश्नाची वेळ टळून गेलेली असते. त्या टीव्हीवर नळी पडद्याला टेकवून मारली तरी बदक उडून जातं आणि खेळातला कुत्रा हसतो.

याच उशिराचा त्रास मिनीवरच्या उडीलाही होतो. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ आधी चालू करावा. तो घासपूस बंद करतो आणि निम्मा गेलेला हात परत येतो.

ज्याला बदकंच हवी आहेत त्याने मिनीच्या नादी लागू नये, जुना डबा शोधावा. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, नाहीतर स्वतःच्याच घरचा माळा. माळ्यावरचा डबा सापडला तर पहिला नियम, लगेच प्लग लावायचा नाही. ॲडॉप्टर बहुधा हरवलेलाच असतो, आणि घरातला कुठलातरी राउटरचा ॲडॉप्टर पिनेत बसतो. तिथेच घात होतो. फॅमिकॉमच्या पिनेत आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, राउटरच्या बहुधा उलटा. डब्याच्या बुडाशी दोन गोलांची खूण छापलेली असते ती बघा. तिथे ९ व्होल्ट लिहिलं असेल तर ९ च द्या. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा पुर्जा सगळ्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेले उष्णता करून फेकून देतो. ९ दिले तर ४ फेकायचे, १२ दिले तर ७. उष्णता पावणेदोनपट. त्याला चिकटवलेला पत्रा नकलांमध्ये कधीकधी नखाएवढाही नसतो. तासाभराने चित्र थरथरायला लागलं तर त्याच्यावर संशय घ्यावा.

मग कॅसेट. साठ पिनांची. चालली नाही की फुंकर मारायची हे कुणी न शिकवता सगळ्या जगाला ठाऊक होतं, आणि फुंकरीने ती चालायचीही. चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. पिना नव्या जागी घासून टेकायच्या. फुंकरीबरोबर गेलेला दमटपणा मात्र तांब्यावर बसून राहायचा. आपल्या पावसाळ्यात पंचवीस वर्षं पडलेल्या कॅसेटच्या पिना हिरवट दिसल्या तर त्यात थोडा आपल्या फुंकरीचाही वाटा समजावा. उपाय सोपा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कानाच्या काडीचा कापूस त्यात ओला करून पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसत राहायचं, काडी काळी यायची थांबेपर्यंत. हट्टी डागाला पांढरं खोडरबर, हलक्या हाताने. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा आधी जातो. दहा मिनिटं वाळू द्या, मग बसवा. तरीही पडद्यावर नुसते ठोकळेच दिसले तर दोष डब्याच्या खाचेतला असतो. कॅसेट थोडी वर उचलून, किंचित तिरकी बसवून बघायची. ही शास्त्रीय पद्धत नाही, पण चालते.

कॅसेटचं प्लास्टिक उघडलं की हमखास निराशा होते. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या त्या ऐवजात एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, एवढंच. चिप त्या थेंबाखाली. खरे खेळ मोजके. बाकीच्या ओळी त्याच खेळाच्या, कुठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे जास्त लाईफ देऊन. चाळिसाव्या पानावर काहीतरी नवं निघेल या आशेने किती सुट्ट्या गेल्या असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. खोटेपणा उघड होता, पण त्या मेनूत पानं उलटायची मजा मिनीच्या तीस चकचकीत चौकोनांत नाही.

रिमोटचं बटण दाबलं जात नसेल तर मागचे स्क्रू काढा. रबराच्या टोपीखाली कोळशाची काळी टिकली असते, ती आणि खालची पट्टी त्याच अल्कोहोलने पुसली की बहुतेक वेळा भागतं. टिकली झिजलेली असेल तर तिच्यावर ६ बी पेन्सिल घासा. महिनाभर पुरते.

आणि यातलं काहीच करायचं नसेल, पण तो संथ मारिओ एकदा ऐकायचाच असेल, तर आणखी एक वाट आहे. अशीच एक ५० वाली नक्कल रशियात १९९२ च्या डिसेंबरात ‘डेंडी’ नावाने आली आणि तिकडच्या एका पिढीचं बालपण झाली. त्या पिढीच्या कृपेने मेसेन आणि एफसीईयूएक्स या एमुलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रीजन निवडताना एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० ची पद्धत) आणि पॅलच्या जोडीला डेंडी असाही पर्याय मिळतो. पॅल निवडू नका, तो अस्सल युरोपीय यंत्राचा आहे. डेंडी निवडा. मॉनिटरला जमत असेल तर त्याचा रिफ्रेश रेटही ५० करा. तो ६० वर राहिला तर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दिसतात आणि मारिओ लंगडल्यासारखा धावतो.

मग स्टार्ट दाबा. धून ओळखीच्या चालीने येईल. खड्ड्याच्या अलीकडे पळायचं बी बटण दाबून ठेवा. उडीचं ए दाबायला भरपूर वेळ आहे.