तुम्ही विचारलंत म्हणून: चार्टच्या नावात नसलेली उपकरणे

साताऱ्यात वैमानिकांच्या लेखी परीक्षांची शिकवणी घेत असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: अप्रोच चार्टच्या, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याच्या नकाशाच्या, शीर्षकात नुसते ‘आयएलएस’ (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) लिहिले असेल, तर विमानात डीएमई (अंतर सांगणारे उपकरण) किंवा एडीएफ (जमिनीवरच्या एनडीबी या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारे उपकरण) नसले तरी चालेल का? कराडच्या धावपट्टीवर बाहेर बघून विमान उतरवायला शिकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. ढगातून उतरायची वेळ आली की तो पडतो.

चार्टचे नाव अंतिम टप्प्यात दिशा कोणत्या उपकरणावर धरायची, एवढेच सांगते. एसटीच्या पाटीवर महाबळेश्वर लिहिलेले असते, मध्ये मेढ्यावरून जाणार की वाईवरून, हे विचारूनच घ्यावे लागते. तसेच हे आहे. अमेरिकेत जुन्या ‘व्हीओआर/डीएमई’ (व्हीओआर म्हणजे दिशा देणारे रेडिओ केंद्र) नावातील तिरकी रेघ दोन्ही उपकरणे हवीत असे सांगते आणि ‘ऑर’ असेल तर कोणतेही एक पुरते. अंतिम टप्प्याच्या आधी किंवा मिस्ड अप्रोचमध्ये (उतरणे सोडून पुन्हा वर चढताना) लागणारी उपकरणे मात्र टिपांमध्ये किंवा आराखड्यावर शोधावी लागतात.

मुले टिपा वाचतात, पण मिस्ड अप्रोचचा मजकूर घाईने वाचतात, असे माझे निरीक्षण आहे. धावपट्टी दिसली नाही म्हणून वर चढायचे आहे आणि मजकुरात अमुक एनडीबीवर जाऊन होल्ड करा (घिरट्या घालत थांबा) असे लिहिले आहे, असे समजा. आयएलएसवर अचूक उतरत आलेल्या वैमानिकाला एडीएफची गरज तेव्हाच लागते, आणि नेमके तेव्हाच गिअर, फ्लॅप, रेडिओ ही सगळी कामे एकदम अंगावर आलेली असतात. म्हणून चार्ट खालून वर, म्हणजे मिस्ड अप्रोचपासून मागे, वाचावा, असे मी सांगतो. परीक्षकांना ही पद्धत फारशी आवडत नाही, तरी मी ती सोडलेली नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: जीपीएस असताना हे सगळे कशाला? अमेरिकी नियमांनुसार योग्य जीपीएस प्रणाली डीएमईचे अंतर किंवा एनडीबीची जागा भरून काढू शकते, मात्र तो बिंदू अद्ययावत डेटाबेसमधून नावानेच काढलेला हवा. लोकलायझरच्या (आयएलएसचा डावी-उजवी दिशा दाखवणारा भाग) अंतिम टप्प्यातील दिशादर्शन तिच्यावर सोपवता येत नाही. शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्यांनी ही सवलत भारतातही तशीच लागू आहे असे गृहीत धरू नये; इथे डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचे नियम आणि त्या विमानाची मंजुरी पाहावी.

आरएनपी, म्हणजे मुख्यतः उपग्रहावर आधारित, चार्टवर पीबीएनची (लागणाऱ्या दिशादर्शन क्षमतेची) वेगळी चौकट असते आणि वक्र मार्गासाठी ‘आरएफ’ क्षमता लागत असेल तर तेही तिथेच लिहिलेले असते. त्याच चार्टवर मिनिमाच्या (धावपट्टी न दिसता किती खाली यायचे त्या मर्यादेच्या) ओळी मात्र उपकरणांप्रमाणे बदलतात. २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोच्या एटीआर विमानाने गगन ही भारताची उपग्रहीय दुरुस्ती यंत्रणा वापरून एलपीव्ही (दिशा आणि उतरणमार्ग दोन्ही देणारा) अप्रोच केला; ती ओळ वापरायला उपग्रहीय दुरुस्ती घेणारा रिसीव्हर लागतो. तो नसेल आणि बॅरोमीटरवर आधारित उतरणमार्गाची सोयही नसेल, तर नुसत्या एलएनएव्हीच्या (फक्त डावी-उजवी दिशा देणाऱ्या), बहुधा अधिक उंचीच्या, ओळीवर थांबावे लागते.