ढग आले, पण पाऊस येईल का?
आकाश भरून आले तरी पाऊस पडेलच असे नाही, आणि याचे कारण थेंबांच्या आकारात आहे. वर चढणारी दमट हवा थंड होते, तेव्हा तिच्यातील बाष्प धुळीच्या किंवा मिठाच्या सूक्ष्म कणांवर साचून जेमतेम ०.०२ मिलिमीटर व्यासाचे जलकण तयार होतात. ते इतके हलके असतात की हवेचा साधा झोतही त्यांना तोलून धरतो. पावसाचा २ मिलिमीटरचा एकच थेंब होण्यासाठी असे सुमारे १० लाख जलकण एकत्र यावे लागतात. म्हणूनच अंदाजात ‘६० टक्के शक्यता’ वाचल्यावर मी ढगाचा तळही न्याहाळतो. तो काळपट आणि खाली उतरलेला असेल, तर छत्री घेतोच. उंचावरचे पांढरे तंतुमेघ मात्र हिमकणांचे असतात, त्यांची लगेच धास्ती नको.